स्रोत, स्त्रोत आणि श्रोता

सोलापुरातल्याच एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. डॉपलर परिणाम (आवाज करणारा किंवा ऐकणारा सरकत असला की सूर बदललेला ऐकू येतो, तो) शिकवताना त्या ‘स्रोत गतिमान, श्रोता स्थिर’ असं सांगतात. निम्म्या वह्यांत ‘स्त्रोत’ उतरतं, काहींत तर दोघांची अदलाबदलच होते. बरोबर रूप कोणतं, आणि श्रोत्याऐवजी ‘निरीक्षक’ म्हटलं तर?

बरोबर ‘स्रोत’च. ‘स्रु’ म्हणजे वाहणे, त्यावरून स्रोत. ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, त्यावरून श्रोता. पण पोरांना फार रागावू नका. स आणि र जोडून म्हणताना जीभ मध्ये त घुसवतेच. सहस्रचं सहस्त्र, हिंस्रचं हिंस्त्र झालेलं रोज दिसतं. इंग्रजीतला ‘स्ट्रीम’ही याच स्रु-च्या कुळातला, तिथे ट शिरला तो कायमचा राहिला. आपल्याकडे लिहिताना ती चूकच.

अदलाबदल मात्र खपवून घेऊ नका, तिथे गणितच बदलतं. होटगीकडच्या रुळांपासून जरा अंतरावर उभं राहा. एक्स्प्रेस ताशी ९० किलोमीटरने ४०० हर्ट्झ वारंवारतेचा, म्हणजे सेकंदाला ४०० कंपनांचा, भोंगा वाजवत येतेय. आपल्या चाळीस अंशांच्या उन्हात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३५५ मीटर. गाडी येताना ४३० हर्ट्झ ऐकू येतात, पुढे गेल्यावर ३७४. पेटीवर शुद्ध रे वरून सा वर यावं, त्याहून थोडं जास्तच. आता गाडी उभी आणि तुम्ही त्याच वेगाने तिच्याकडे निघालात, तर ४२८. गाडी धावते तेव्हा तिच्या पुढच्या लाटा दाटतात. तुम्ही धावता तेव्हा लाटा तशाच राहतात, फक्त भराभर भेटतात. दोन हर्ट्झच्या फरकाने मुलांना काही पटणार नाही. म्हणून वेग ध्वनीच्या निम्मा धरायला सांगा: स्रोत आला तर वारंवारता दुप्पट, श्रोता गेला तर दीडपट!

‘निरीक्षक’ मला खटकतो, कारण ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. डॉपलरने १८४२ मध्ये ताऱ्यांच्या प्रकाशाबद्दल लिहिलं, तिथे तो शोभेल. पण १८४५ मध्ये हॉलंडात बाइस बॅलॉट या शास्त्रज्ञाने हा परिणाम तपासायला आगगाडीवर तुतारीवाले बसवले, तेव्हा रुळांकडेला सूर ओळखणारे जाणकार उभे होते. ते श्रोतेच की!

बोलताना घोटाळा होतच असेल तर फळ्यापाशी ‘वाजणारा’ आणि ‘ऐकणारा’ म्हणा, वहीत स्रोत-श्रोता लिहू द्या.