पाणी नितळ, तरी मासे का मरतात?

घरच्या फिशटँकविषयी वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँक घेतला. पाणी एक दिवस साठवून ठेवलं, फिल्टर सुरू केला आणि दुसऱ्या दिवशी चार गोल्डफिश आणि सहा टेट्रा सोडले. तिसऱ्या दिवशी पाणी दुधट झालं, आठवड्याभरात आपोआप निवळलं. पण आता मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात. पाच मासे गेले. फिल्टरचा स्पंज मी रोज नळाखाली स्वच्छ धुते. चुकतंय कुठे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सगळ्यात आधी स्पंज रोज धुणं थांबवा. मासे वाचवायचे तर आज एवढं एक कराच.

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. अमोनियाला रंग नसतो, म्हणून पाणी काचेसारखं दिसत असतानाही ते विषारी असू शकतं. जुन्या टँकमध्ये एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बरंच सौम्य असतं आणि पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत; स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकटून वाढतात आणि पुरेसे व्हायला चार ते सहा आठवडे घेतात. तुमच्या टँकमध्ये ते वाढायला लागले की नळाचं क्लोरीनयुक्त पाणी त्यांना मारतं आणि उरलेले मोरीत वाहून जातात. म्हणजे टँक रोज पहिल्या दिवसावर येतो.

दुधट पाणी वेगळ्याच जिवाणूंमुळे झालं होतं. खाण्याच्या अवशेषांवर ते झपाट्याने वाढतात आणि ओसरतात. ते गेले म्हणजे टँक तयार झाला, असं नाही. मासे वर येतात त्याचं कारण बहुधा अमोनिया आणि नायट्राइट. अमोनियाने कल्ले भाजतात. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, कल्ले लालऐवजी तपकिरी दिसू लागतात आणि एअर पंप जोरात चालू असला तरी मासा गुदमरतो.

तुमच्या टँकमध्ये खडी आणि वरची मोकळी जागा सोडून साधारण ४५ लिटर पाणी आहे. पुढचे दोन-तीन आठवडे रोज १२ ते १५ लिटर बदला. नव्या पाण्यात बाटलीवरच्या प्रमाणात अँटी-क्लोरीन घाला. फक्त साठवून ठेवण्यावर भिस्त ठेवू नका. क्लोरीन दिवसभरात उडतं, पण पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन वापरलं असेल तर ते तसं उडत नाही. नवं पाणी हाताला टँकइतकंच कोमट-गार लागलं पाहिजे. खाणं दिवसाआड एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढं. नायट्राइट दिसत असेल तर लिटरला एक ग्रॅम, म्हणजे ४५ ग्रॅम खडे मीठ मगभर पाण्यात विरघळवून थोडं-थोडं ओता. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. मीठ उडून जात नाही, त्यामुळे पुढे जेवढं पाणी काढाल तेवढ्यापुरतंच पुन्हा घाला.

अमोनिया आणि नायट्राइटचं थेंबांचं टेस्ट किट घ्या. पट्ट्यांपेक्षा ते भरवशाचं असतं. रोजचं खाणं सुरू असतानाही दोन्ही आकडे सलग आठवडाभर शून्य राहिले की आठवड्याला पाव पाणी बदलणं पुरेल. ओळखीत कुणाचा निरोगी, जुना टँक असेल तर त्यातला वापरता स्पंज ओलाच आणून तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. चार आठवड्यांचं काम एक-दोन आठवड्यांवर येतं. स्पंज तुंबून धार मंदावली, तरच तो टँकमधून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा पिळा. तपकिरी राहिला तरी चालेल, तसाच तो हवा.

माशांची निवडही दुरुस्त करावी लागेल. गोल्डफिश १५-२० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, भरपूर घाण करतो आणि तोंडात मावेल तो टेट्रा गिळतो. ४५ लिटरमध्ये चार गोल्डफिश कधीच सुखाने राहणार नाहीत. उरलेले गोल्डफिश दुकानात परत द्या आणि टेट्रा ठेवा.

प्रश्न : हाच दोन फुटी टँक टीव्हीच्या शोकेसवर ठेवला तर चालेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : बहुतेक शोकेसवर चालणार नाही. ४५ किलो पाणी, दहाएक किलो खडी आणि नऊ-दहा किलो काच, म्हणजे ६५ किलोंच्या आसपास वजन होतं. पार्टिकल बोर्डची फळी मधे वाकते, तळाच्या काचेवर ताण येतो आणि ती तडकते. लोखंडी स्टँड घ्या, लेव्हलने सपाटी तपासा आणि टँकखाली थर्मोकोलची शीट घाला.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. काचेवर पांढरा थर बसतो. निऑन टेट्रा टिकत नाहीत. सगळं आरओचं पाणी भरू का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : निव्वळ आरओ भरू नका. त्यात क्षार जवळपास नसतात. टँकमधले जिवाणू अमोनिया पचवताना पाण्यातलं कार्बोनेट खर्च करतात. ते मुळातच नसेल तर पीएच एकदम कोसळतो आणि जिवाणूंचं कामही थंडावतं. निऑन ठेवायचेच असतील तर तीन भाग आरओला एक भाग बोअर असं मिश्रण करा आणि प्रत्येक वेळी तेच प्रमाण पाळा. प्रमाण सतत बदलणं जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्याइतकंच त्रासदायक असतं.

खरं तर पाण्याला साजेसे मासे आणणं जास्त सोपं. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांना जड, किंचित अल्कधर्मी पाणीच मानवतं. तुमचं बोअरचं पाणी त्यांच्यासाठी तयारच आहे, फक्त ते थेट ओतू नका. जमिनीखालून आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो. बादलीत एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा दगड) लावून पाणी रात्रभर खेळवा, मग वापरा. शेताजवळची किंवा शोषखड्ड्याजवळची बोअर असेल तर नायट्रेटही तपासा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. बोअरमध्येच तेवढं असेल तर पाणी बदलून नायट्रेट खाली येणार नाही. काचेवरचा पांढरा थर पाण्याच्या रेषेच्या वर असेल तर व्हिनेगरने भिजवलेल्या फडक्याने पुसा. थेंबही टँकमध्ये पडू देऊ नका.

प्रश्न : थंडी सुरू झाल्यावर गप्पींच्या अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले. मासे खडीवर अंग घासतात. औषध घातलं, तीन दिवसांत ठिपके गेले, आठवड्याने दुप्पट आले.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : हा व्हाइट स्पॉट. औषध फार लवकर थांबवल्यामुळे तो उलटला. ठिपक्याच्या आत परजीवी माशाच्या कातडीखाली सुरक्षित असतो, तिथे औषध पोहोचत नाही. मोठा झाला की तो गळून खडीत पडतो, स्वतःभोवती कवच करतो आणि त्यातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. ती पोहत मासा शोधत असतात, तेवढ्या वेळातच औषध त्यांना मारू शकतं. म्हणून शेवटचा ठिपका गेल्यानंतरही किमान एक आठवडा उपचार चालू ठेवा.

पाणी रोज एक-दोन अंशांनी वाढवत ३० अंशांपर्यंत न्या. उबेत परजीवीचं चक्र काही दिवसांत पुरं होतं, थंड पाण्यात ते आठवडे रेंगाळतं. एअर पंप जोरात चालवा, कारण उबदार पाण्यात प्राणवायू कमी मावतो. गप्पींना लिटरला दोन ग्रॅम मीठ दीड दिवसात तीन हप्त्यांनी देता येतं. टँकमध्ये कोरीडोरास मासे किंवा नाजूक वनस्पती असतील तर मीठ टाळा. मॅलाकाइट ग्रीन असलेलं औषध वापरत असाल तर फिल्टरमधला कोळसा काढा, नाहीतर तो औषध शोषून घेईल. आणि हातमोजे घाला.

हीटरबद्दल : दर लिटरला एक वॅट हा ढोबळ हिशेब मुंबईत पुरतो. खोली १८ अंशांवर उतरत असेल तर ५० लिटरला ७५ किंवा १०० वॅटचा घ्या. पाणी काढण्याआधी प्लग काढा आणि पंधरा मिनिटं थांबा. तापलेली नळी पाण्याबाहेर उघडी पडली की तडकते. पुढच्या वेळी नवे मासे आधी २० लिटरच्या प्लास्टिक टबमध्ये स्पंज फिल्टर लावून तीन आठवडे वेगळे ठेवा.

प्रश्न : आमच्याकडे रोज चार-पाच तास वीज जाते.
— एक वाचक, यवतमाळ

उत्तर : बॅटरीवरचा एअर पंप आणि स्पंज फिल्टर ही जोडी ठेवा. पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर वीज गेल्यावर पाणी उलटं पंपात आणि तिथून जमिनीवर येतं. वीज नसताना खाणं घालू नका. बंद डब्याचा फिल्टर काही तास थांबला असेल, तर सुरू करण्याआधी त्यातलं कुबट पाणी फेकून स्पंज टँकच्या पाण्यात खळबळा.

प्रश्न : काच साफ करायला आणलेला सकर मासा फूटभर झाला. नदीत सोडला तर?
— एक वाचक, सांगली

उत्तर : कृपा करून सोडू नका. नदीत नाही, तलावात नाही, विहिरीतही नाही. सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतला. भारतात अनेक नद्यांमध्ये आणि तलावांमध्ये सोडलेल्या सकरांनी बस्तान बसवलं आहे. ते काठाच्या मातीत बिळं करतात, मच्छिमारांची जाळी फाडतात आणि स्थानिक माशांचं अन्न खातात. दुकानदाराला परत द्या किंवा चार-पाच फुटी टँक असलेला कुणी शोधा. शेवाळासाठी दिवा रोज सहा ते आठ तासांवर आणा, टायमर लावा आणि टँक खिडकीच्या उन्हातून हलवा. मासाच हवा असेल तर १२ सेंटिमीटरच्या आसपास थांबणारा ब्रिस्टलनोझ घ्या. पण विष्ठा तोही खात नाही, उलट वाढवतो, त्यामुळे खडीतला गाळ दर आठवड्याला सायफनने तुम्हालाच काढावा लागेल.