जुन्नरचे किल्ले, लेणी आणि तंबूतला मुक्काम: वाचकांची प्रश्नोत्तरे

हिवाळी भटकंतीबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेकांचा रोख एकच आहे: ऐतिहासिक ठिकाणं नीट पाहायची आहेत आणि रात्री तंबूत राहायचं आहे, तर दोन्हीचा मेळ कसा घालायचा? जुन्नर तालुका यासाठी फार सोयीचा. शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन हे किल्ले, लेण्याद्री आणि तुळजा ही लेणी, कोकणातून वर येणारी नाणेघाटाची जुनी वाट हे सगळं एका तालुक्यात आहे. म्हणून या वेळची उत्तरं जुन्नर धरून दिली आहेत.

प्रश्न: आम्ही चौघं आहोत, मुलं ८ आणि ११ वर्षांची. डिसेंबरमध्ये पुण्याहून स्वतःच्या गाडीने दोन रात्री, तीन दिवस जायचं आहे. कुठलं ठिकाण कधी पाहावं?

लांबचं आधी आणि पुण्याजवळचं शेवटी, असा क्रम ठेवा. पहिल्या दिवशी पाणी, गॅस, उत्साह सगळं भरलेलं असतं. शेवटच्या दिवशी दुपारी बाराच्या आत मोकळं होता आलं, तर परतीचा रस्ता उजेडात संपतो.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला निघून नारायणगावमार्गे लेण्याद्री. लेणी दक्षिणाभिमुख आहेत, त्यामुळे हिवाळ्यात पायऱ्यांवर जवळजवळ दिवसभर ऊन असतं. सुमारे तीनशे पायऱ्या आहेत, त्या दहाच्या आत चढून जा. बहुतेक जण ७ क्रमांकाच्या लेण्यात गणपतीचं दर्शन घेऊन उतरतात आणि शेजारचं ६ क्रमांकाचं चैत्यगृह राहून जातं. तसं करू नका. गणपती आहे तो मूळचा भिक्षूंचा विहार, भोवतीच्या खोल्या त्यांच्या राहण्याच्या. शेजारच्या चैत्यगृहातले खांब आणि स्तूप पाहिले की मुलांनाही राहण्याची जागा आणि प्रार्थनेची जागा यातला फरक समजतो. संकष्टी, विशेषतः अंगारकी असेल तर हा दिवस बदला.

जुन्नरमध्ये जेवण आणि भाजीपाला उरकून आपटाळेमार्गे घाटघरकडे निघा. वाटेत पूर गावातलं कुकडेश्वर मंदिर अर्ध्या तासात पाहून होतं. कुकडी नदीचा उगम इथलाच. तीनपर्यंत घाटघरला पोचून आधी तंबू लावा, मग नाणेघाट पाहा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अंधारात पहिल्यांदा तंबू लावणाऱ्या घराची रात्र चिडचिडीत जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चावंड. १८१८ मध्ये इंग्रजांनी वाटेवरच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, त्यामुळे मधला टप्पा उभा आहे. तिथे रेलिंग आहे, पण ८ वर्षांच्या मुलाच्या मागे एक मोठं माणूस हवंच. वर सप्तमातृकांची म्हणून ओळखली जाणारी सात टाकी आहेत. जीवधन या वयाच्या मुलांना घेऊन करू नये. तिथल्या तुटलेल्या पायऱ्यांच्या टप्प्यावर दोर लागतो. दुपारी जुन्नरकडे परत येऊन विश्रांती घ्या आणि उन्हं उतरताना तुळजा लेणी पाहा. बारा खांबांच्या वर्तुळात उभा असलेला स्तूप आणि वर घुमटाकार छत, अशी गोल रचना आपल्याकडच्या लेण्यांत अगदी विरळा.

तिसरा दिवस शिवनेरीचा. दार उघडायच्या वेळी पायथ्याशी हजर राहा. सात दरवाजांच्या वाटेने मुलांसह सव्वा तास लागतो. शिवाई देवी, अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, जन्मस्थान, बदामी तलाव आणि कडेलोट टोक पाहून अकरापर्यंत उतरता येतं. साखळीची वाट मुलांबरोबर नको.

प्रश्न: गडावरच तंबू ठोकला तर चालतो का? पूर्वी लोक राहायचे.

शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाटचं लेणं ही केंद्रीय पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं आहेत. अशा ठिकाणी साधारण सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच प्रवेश असतो, म्हणजे मुक्कामाचा प्रश्नच येत नाही. परवानगी दिलेली जागा सोडून तिथे अन्न शिजवायलाही मनाई आहे. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर १९५८ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत शिवनेरी आहे, त्यामुळे देखरेख वाढेल, कमी होणार नाही.

पण कायदा बाजूला ठेवला तरी आमचं मत तेच राहील. तंबू गावात लावावा. गडावर मुक्काम झाला की चूल टाक्याकाठी पेटते, भांडी टाक्यात धुतली जातात, शौचाला जागा नसते आणि तंबू धरून ठेवायला पडक्या जोत्याचे कातीव दगड उचलले जातात. जागचा हललेला दगड पुढे अभ्यासकाला काहीच सांगू शकत नाही.

गावात ज्याचं अंगण किंवा शेत असेल त्याच्याशी आदल्या दिवशीच फोनवर बोलून घ्या. तंबूचे किती, जेवणाचे किती, संडास वापरता येईल का, हे तीनही आधी ठरवा. जमीन वनखात्याची असेल तर परवानगी वन परिक्षेत्र कार्यालयातून घ्यावी लागते, गावकऱ्याचं तोंडी ‘चालेल’ पुरत नाही.

प्रश्न: टाक्यातलं पाणी पिता येतं का? किती पाणी न्यावं?

ज्या टाक्याचं पाणी पिण्यासारखं आहे ते स्थानिक माणूस सांगतो. त्याच्याशिवाय अंदाजाने पिऊ नका. शेवाळ, प्लास्टिक, माणसं पाय धूत असलेलं टाकं सरळ सोडून द्या. घ्यायचंच झालं तर चार पदरी सुती फडक्यातून गाळा, गढूळ असेल तर निवळू द्या आणि मग खळखळून एक मिनिट उकळा. एवढ्या उंचीला ते पुरतं. क्लोरीनच्या गोळीला किमान अर्धा तास द्यावा लागतो. गढूळ पाण्यात गोळीचा जोर त्या गाळावरच खर्च होतो, म्हणून गाळणं आधी. टाक्यात भांडं बुडवताना ते बाहेरून स्वच्छ हवं आणि साबण टाक्यापासून लांब.

हिशोब असा: हिवाळ्यात माणशी दिवसाला पिण्याचं ३ लिटर, चहा-स्वयंपाकाला दीड, हातभांड्यांना १. म्हणजे चौघांना दिवसाला २२ लिटर. गाडीत २० लिटरचे तीन जार ठेवले की दोन रात्री निघतात. चढताना मोठ्यांनी प्रत्येकी अडीच, मुलांनी प्रत्येकी एक लिटर जवळ ठेवा. मार्चनंतर पिण्याचं पाणी ४ लिटर धरा. एप्रिल-मेमध्ये पाणी शहरातूनच भरून न्या. घाटमाथ्यावर पाऊस धो-धो पडतो, पण उन्हाळ्यात तिथल्या गावांना स्वतःलाच पाणी पुरत नाही.

प्रश्न: नाणेघाटाजवळ वाऱ्याने आमच्या ओळखीच्यांचा तंबू मोडला. आत पाणीही झालं, पाऊस नसताना. काय चुकलं?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोकणातून वर चढणारा वारा कड्याच्या ओठावर सगळ्यात जोरात लागतो, म्हणून कड्यापासून आत, घाटघरच्या बाजूला आडोसा पाहा. तंबूची अरुंद बाजू वाऱ्याकडे आणि दार पाठमोरं ठेवा. ताणदोऱ्या बांधल्याच नाहीत तर काड्यांवर सगळा ताण येतो आणि त्या सांध्यापाशी मोडतात. इथली जमीन मुरमाची, खाली लगेच कातळ. तंबूबरोबर येणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या दोन घावांत वाकतात. हार्डवेअरच्या दुकानातले ६ इंची लोखंडी खिळे दहा-बारा घ्या आणि दोरीच्या ओढीच्या उलट बाजूला डोकं झुकेल असे तिरपे ठोका. खिळा शिरतच नसेल तर रिकाम्या गोणीत ८-१० किलो माती किंवा शेतातले सुटे दगड भरून दोरी तिला बांधा.

आतलं पाणी म्हणजे श्वासाची वाफ. थंडी वाजते म्हणून सगळ्या झडपा बंद केल्या की चार माणसांच्या श्वासातली वाफ गार कापडावर पाणी होऊन पहाटे अंगावर टपकते. वरच्या दोन्ही झडपा उघड्या ठेवा, बाहेरचं आवरण आतल्या कापडाला चिकटू देऊ नका. खाली अंथरलेलं प्लास्टिक तंबूच्या कडेच्या बाहेर डोकावत असेल तर दव त्यावर साचून तळाखाली जातं. ते चारही बाजूंनी आत दुमडा. थंडी जमिनीतून जास्त लागते, तेव्हा पांघरुणावर खर्च करण्याआधी जाड मॅट घ्या.

प्रश्न: चूल करावी की गॅस?

गॅस. नोव्हेंबरपासून गवत वाळतं आणि एका ठिणगीने डोंगर पेटतो. लेण्यात तर आग नकोच, धुराची काजळी कोरीवकामावर बसली की ती सहजी निघत नाही. २३० ग्रॅमच्या एका कॅनिस्टरवर आडोशाला साधारण १२-१३ लिटर पाणी उकळतं, वाऱ्यात त्याच्या निम्मं. चौघांना दोन रात्रींसाठी दोन कॅनिस्टर घ्या. वारा अडवायला आडोसा एकाच बाजूने लावा. बर्नर थेट कॅनिस्टरवर बसणारा असेल तर चहूबाजूंनी पत्रा लावल्याने कॅनिस्टर तापतो आणि फुटू शकतो. तंबूच्या आत कधीही पेटवू नका. रेल्वेने येत असाल तर गॅस बरोबर नेता येत नाही, तो उतरल्यावर घ्या.

प्रश्न: जुन्नरमध्ये बिबटे आहेत असं ऐकतो. मुलांना घेऊन तंबूत राहावं का?

आहेत, आणि त्यांचा वावर उसात आहे. ऊस त्यांना बारा महिने आडोसा आणि पाणी देतो. हंगामात तोड सुरू झाली की तो आडोसा जातो आणि त्यांची हालचाल वाढते. म्हणून ऊस दिसेल त्या शेताच्या बांधावर तंबू नको. जुन्नर परिसरातल्या दुसऱ्या रात्रीसाठी आमचा सल्ला सरळ आहे: मुलं बरोबर असतील तर तंबू भिंतीच्या आत, दिवा असलेल्या अंगणात लावा. तशी जागा मिळाली नाही तर खोली घ्या.

अंधार पडल्यावर मुलांना एकटं सोडू नका, शौचालाही नाही. उघड्यावर वाकून किंवा बसून काही करणारं माणूस बिबट्याला लहान जनावरासारखं दिसतं. चालताना टॉर्च आणि मोठ्याने बोलणं. पाळीव कुत्रा बरोबर आणू नका, बिबट्या त्याच्याच मागावर येतो. उरलेलं मटण-हाडकं तंबूजवळ टाकू नका. बिबट्या दिसला तर पाठ फिरवून पळू नका, मुलाला कडेवर घ्या, आवाज करत मागे सरका. वनखात्याची मदतवाहिनी १९२६, आणीबाणीला ११२.

शिवनेरी-लेण्याद्रीला दिवसा खरा धोका आग्या मोहोळाचा. कड्यांवर, लेण्यांच्या छताला पोळी असतात. अत्तर-डिओ, धूर, ड्रोन, दगड मारणं, आरडाओरडा यातलं काहीही त्यांना उठवतं. उठल्याच तर हात न झाडता तोंड-डोकं कापडाने झाका आणि त्या जागेपासून लांब पळत सुटा. टाक्यात उडी मारू नका. काटा लगेच नखाने खरवडून काढा, कारण तो जितका वेळ राहील तितकं विष आत जातं. मुलाला दहापेक्षा जास्त दंश झाले किंवा कुणालाही श्वास लागला, ओठ सुजले, तर १०८ ला फोन करा.

प्रश्न: नाणेघाटचा शिलालेख पाहिला, पण काहीच दिसलं नाही. फोटोही सपाट आला.

वेळ चुकली असणार. लेण्याचं तोंड कोकणाकडे, पश्चिमेला आहे. सकाळी आत अंधार असतो, दुपारी तीननंतर उजेड आत शिरतो आणि बाजूच्या भिंतींवर तिरपा पडतो. अक्षराच्या खोबणीत सावली पडली तरच अक्षर दिसतं. समोरून फ्लॅश मारला की ती सावली पुसली जाते, म्हणून फोटो सपाट येतो. फ्लॅश बंद करा आणि बरोबरच्याला भिंतीला जवळजवळ टेकवून टॉर्च धरायला सांगा. टॉर्चची बाजू बदलून दोन-तीन फोटो घ्या, एका फोटोत हरवलेली रेघ दुसऱ्यात सापडते. खडू, पाणी, तेल लावून अक्षरं ‘उठवू’ नका. दगड पापुद्र्यासारखा सुटतो.

बघायचं काय, तेही जाण्याआधी ठरवा. हा लेख सातवाहन राणी नागनिकेशी जोडला जातो. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा, आणि मजकूर यज्ञांचा व त्यात दिलेल्या दानाचा: गाई, हत्ती, घोडे, कार्षापण नावाची नाणी. दानाच्या मोजदादीत आकडे आले आहेत आणि भारतातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनात त्यांची गणना होते. मुलांना लिपी येणार नाही, पण आडव्या दोन रेघांचा ‘२’ ती शोधू शकतात. मागच्या भिंतीवर सातवाहन राजे सिमुक व सातकर्णी, राणी नागनिका यांच्या मूर्ती होत्या. आता पायांचे अवशेष आणि वर नावं एवढंच उरलं आहे. बाहेर दगडी रांजण आहे, तो जकातीची नाणी टाकण्याचा असं परंपरा सांगते.

प्रश्न: पावसाळ्यात तंबू घेऊन गेलो तर?

नका जाऊ. जून ते सप्टेंबर घाटमाथ्यावर धुकं, वारा, निसरडा कातळ, आणि तंबू दोन रात्रींत वाळत नाही. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ चांगला. १९ फेब्रुवारीच्या आसपास शिवनेरीला शिवजयंतीची मोठी गर्दी असते.

प्रश्न: गाडी नाही. कल्याणहून एसटीने येऊन नाणेघाट पायी चढून जुन्नरला उतरता येईल का?

येईल, आणि नाणेघाट समजून घ्यायची हीच सगळ्यात चांगली वाट आहे, कारण बंदरांतून देशावर माल चढत होता तो याच बाजूने. कल्याणहून मुरबाड-माळशेजमार्गे जाणाऱ्या एसटीने वैशाखरे ओलांडून नाणेघाटाच्या फलकापाशी उतरा. चढ पश्चिमेच्या उतारावर आहे. सकाळी सातला चालायला लागलात तर दहापर्यंत सावलीत चढता, दुपारी निघालात तर ऊन तोंडावर. पाठीवर १० किलो धरून अडीच ते तीन तास, माणशी ३ लिटर पाणी.

दुपार घाटघरला जेवून, झोपून काढा आणि तीननंतर लेण्याकडे परत जा. दुसऱ्या दिवशी घाटघरहून जुन्नरची एसटी पकडायची आहे. या मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत, म्हणून वेळ आदल्या दिवशी जुन्नर आगारात फोन करून आणि घाटघरला पोचल्यावर गावातही विचारून घ्या. वाटेत चावंड करायचा असेल आणि पहिली गाडी चुकली, तर तो त्या दिवशी होत नाही. तेव्हा सरळ जुन्नर गाठून लेण्याद्री पाहा.