सुया सकाळीच ओवून ठेवा

‘सुईदोरा’ सदरासाठी आलेली पत्रं आणि त्यांची उत्तरं

प्रश्न : काकू, सप्रेम नमस्कार. मी नाशिकची, वय 41. पतसंस्थेत नोकरी करते. मुलगी दहावीत आहे, मुलगा तिसरीत. दीड वर्षापूर्वी सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. तेव्हापासून ते अंथरुणालाच आहेत. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली. त्यांची पाच सुती नऊवारी लुगडी माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत : दोन इरकली, एक चंद्रकळा, दोन रोजच्या वापरातली. त्यांची गोधडी शिवायची असं तेव्हाच ठरवलं होतं, पण ट्रंक अजून उघडलेली नाही. रविवारी बसावं म्हटलं तर आठवड्याची कामं समोर उभी असतात. एकदा उसवलेला पडदा घेऊन बसले, तर मुलीचा अभ्यास नि मामंजींचं औषधपाणी सोडून आपण शिवत बसलोय, या विचारानं इतकी टोचणी लागली की पाच मिनिटांत उठले. हे म्हणतात, बाजारात तयार गोधडी मिळते, घेऊन टाक. मी वेळ कसा काढू?

उत्तर : आज रात्री जेवणं झाली की ट्रंक उघडा. शिवायला घेऊ नका, फक्त लुगडी बाहेर काढून बघा. खळ केलेलं सुती कापड वर्षानुवर्षं घडीत राहिलं की त्याला कसर लागते, कारण कसरीला खळ आवडते. माझी आई 1991 साली गेली. तिची सहा लुगडी मी ‘फुरसत झाली की’ म्हणून कपाटाच्या वरच्या खणात ठेवली आणि 2003 साली काढली. घडी जिथे जिथे मोडली होती तिथे कापडाची चाळण झालेली. हिरव्या लुगड्याचा काठ तेवढा धड होता, तो मी कापून घेतला. सहातली तीन वाया गेली. ही गोष्ट मी या सदरात आजवर लिहिली नव्हती, तुमच्या पत्रामुळे लिहिली. लुगडी दोन पाण्यांतून काढा, खळ पूर्ण जाऊ द्या, कडकडीत उन्हात वाळवा आणि जुन्या धोतरात सैलसर गुंडाळून ठेवा. एवढं या आठवड्यात झालं तरी गोधडी सुरू झाली असं समजा.

आता वेळेचं. माझं माहेर वाईच्या पुढचं, कृष्णाकाठचं. आमच्याकडे पाडव्यापासून मृगापर्यंत गोधड्या चालायच्या, कारण रानं मोकळी असायची आणि ऊन चांगलं असायचं. पण रानं मोकळी म्हणजे बायका मोकळ्या, असं नव्हतं. पापड-कुरडया तेव्हाच, लग्नंही तेव्हाच, आणि पाण्याचे हंडे तर रोजचेच. आईला सलग तासभर मिळालेला मला आठवत नाही. पण गोधडी सोप्यात पसरलेलीच असायची. भाकरी थापायला उठताना सुई तिथेच टोचून ठेवायची आणि परत आली की तोच टाका पुढे. शेजारची काकू मीठ मागायला यायची, बसायची, हातभर धावदोरा घालून जायची. तिचे टाके मोठे असत. आई ते उसवत नसे. त्या गोधडीत मी आजही बोटानं सांगू शकते, काकू कुठे बसली होती.

त्या बायकांना वेळ काढावा लागला नाही, कारण काम कायम हाताशी होतं. तुमचं काम ट्रंकेत आहे, ट्रंक माळ्यावर, आणि माळ्याला शिडी लागते. वीस मिनिटं मिळाली तर त्यातली पंधरा मांडामांडीत जाणार. तेव्हा काम आधी असं तयार करून ठेवायचं, की दहा मिनिटांतही चार टाके पुढे जाईल.

हिशेब करून देते. नऊवारी म्हणजे साधारण 27 फूट कापड, पन्हा चार फुटांच्या आसपास. विरलेला भाग काढून टाकला तरी एका लुगड्यातून सात-सात फुटांचे तीन तुकडे निघतात. पाच पदरांची, म्हणजे पाच थरांची, गोधडी दोन लुगड्यांत होते. म्हणजे पाचही लुगडी एकाच गोधडीत कोंबायची नाहीत. तसं केलंत तर ती इतकी जाड होईल की सुई शिरणार नाही आणि तुमचं मनगट दुखायला लागेल. रोजच्या वापरातली दोन आधी घ्या. ती सगळ्यांत मऊ असतात आणि त्यांत सासूबाईंचा वावर जास्त आहे. इरकलीचे काठ गोटाला ठेवा.

चार फूट बाय सात फूट, आणि टाक्यांच्या ओळींत अंगठ्याच्या पेराएवढं, इंचभर अंतर. मग एकूण धावदोरा भरतो सुमारे 336 फूट. पाच पदरांतून वीस मिनिटांत माझा साधारण सहा फूट होतो. सुरुवातीला तुमचा चार होईल, पुढे हात बसेल. सहाच्या हिशेबानं 56 बैठका. आठवड्याला चार धरल्या तर चौदा आठवडे. साडेतीन महिन्यांत गोधडी अंगावर येते. मुलांना ताप येईल, पतसंस्थेत मार्चअखेर येईल; सहा महिने धरा. ‘कधीतरी’पेक्षा हा आकडा तुम्हाला सोसेल.

पण त्याआधी एक अर्धा दिवस मात्र घरातल्या सगळ्यांकडून हक्कानं मागून घ्या. गोधडी पसरणं हे एका माणसाचं काम नाही. पाच पदर एकावर एक ताणून अंथरायला चार कोपऱ्यांना चार माणसं लागतात. यजमान, मुलगी, मुलगा, तुम्ही. चार झाले. कोपऱ्यांवर वरवंटा, पाट, डबे, काय हाताला येईल ते ठेवा. मग मोठ्या सुईनं मधून कडेला, वीतभर अंतरावर, लांब कच्चे टाके घालून सगळे पदर टाचून घ्या. जुन्या बायका हे कमी करत. त्या कडेपासून सुरू करून चुण्या हातानं आत सारत मधे जायच्या, कारण त्यांची गोधडी जमिनीवर पसरलेली राहायची. तुमची रोज उचलली जाणार, घडी पडणार. टाचलेली नसेल तर पदर सरकतात, खालच्या अंगाला सळ पडतात आणि ते उलटून बघेपर्यंत कळत नाही. टाचली की मग ती मांडीवर घेण्याजोगी होते, कुठेही, कितीही वेळ.

सुया सकाळीच ओवून ठेवा. चहाचं आधण ठेवलं की आठ-दहा सुया, प्रत्येकीत हातभर दोरा. त्याहून लांब घेतला की गुंता होतो. संध्याकाळच्या दिव्यात नेढं शोधण्यात जी मिनिटं जातात, तीच तर तुमच्याकडे नाहीत. हे मला शाळेत शिवण शिकवताना मुलींनी शिकवलं. तास 35 मिनिटांचा आणि पहिली दहा मिनिटं ओवण्यात जायची.

बसायचं कुठे? मामंजींच्या खोलीत. तुम्ही लिहिलंय की औषधपाणी सोडून शिवत बसलोय असं वाटतं. अंथरुणावरच्या माणसाला औषध चार वेळा लागतं, पण सोबत दिवसभर हवी असते. खुर्ची त्यांच्या डाव्या बाजूला घ्या आणि गोधडीची कड त्यांच्या डाव्या हाताखाली द्या, धरायला. धरतील न धरतील. त्यांच्या बायकोचं लुगडं आहे ते, त्यांना ओळखू येईल. तुम्ही विचारा, हे कधी घेतलं होतं, कोणत्या बाजारातून. आजारी माणसाशी रोज काय बोलावं हा मोठा प्रश्न असतो, तो काही महिने सुटेल. फक्त या खोलीत सुया मोजून काढा नि मोजून परत ठेवा. एकही अंथरुणात राहता कामा नये, त्यांच्या संवेदना गेलेल्या बाजूला टोचलेली त्यांना कळणार नाही. यात हयगय नको.

मुलीचंही तेच. दहावीच्या पोरीला आईनं शेजारी बसून पुस्तकात डोकं घातलेलं नको असतं. आपलं काम घेऊन गप्प बसलेली आई तिला जास्त बरी.

यजमानांचं म्हणणं मी खोडून काढणार नाही, कारण ते चुकीचं नाही. बाजारात गोधडी मिळते. ही गोधडी नाही म्हणून कोणी थंडीत कुडकुडणार नाही, तेव्हा माझ्या आईला शिवायची जी मोकळीक न बोलता मिळाली, ती तुम्हाला बोलून मागावी लागेल. पण ‘वेळ मिळाला तर शिवीन म्हणते’ असं बोलू नका. ‘आईंच्या लुगड्यांची गोधडी मी शिवतेय, मंगळवार, गुरुवार, शनिवार आणि रविवार जेवणानंतरची भांडी तुम्ही दोघं बघा,’ असं वार सांगून मागा. त्यांच्या आईचं लुगडं आहे. पसरायच्या दिवशी कोपरा धरला की त्यांना ते हाताला कळेल, मग बाजाराचं नाव निघायचं नाही असं मला वाटतं. निघालंच, तर मला परत लिहा.

प्रश्न : मी डोंबिवलीची. जाऊन-येऊन तीन तास लोकलमध्ये जातात. घरी सुईला हात लावायला मिळत नाही. गाडीत भरतकाम करावं का?

उत्तर : सुई नको. गर्दीत धक्का लागला तर तुम्हाला किंवा शेजारणीला लागेल. क्रोशाचा हूक घ्या, टोकाला बोथट असतो, आणि वीतभर चौकोन विणा. चौकोन पूर्ण झाला की पिशवीत, दुसरा सुरू. चौथ्या सीटवर, म्हणजे तिघींच्या बाकावर चौथी म्हणून बसूनही कोपर न हलवता होतो. उभ्यानं मात्र करू नका, एक हात दांडीलाच हवा. गोधडीचं जोडकाम करायचं असेल तर कापलेले तुकडे रंगांप्रमाणे लावून त्यांच्या जोड्या टाचण्या न लावता दोऱ्यानं बांधून ठेवणं, एवढं गाडीत होऊ शकतं, शिवण घरी.

प्रश्न : काकू, माझा प्रश्न उलटा आहे. मी लातूरची. माझ्या सासूबाई 71 वर्षांच्या आहेत, त्या दिवसभर गोधड्या शिवतात. दोन खोल्यांच्या घरात सात गोधड्या झाल्यात, आठवी चालू आहे. माझ्या न विटलेल्या साड्यासुद्धा त्या मागतात. रात्री दिवा लावून बसतात, डोळ्यांतून पाणी येतं. बोललं की रुसतात. त्यांना थांबवू कसं?

उत्तर : थांबवू नका. एकाहत्तराव्या वर्षी सकाळी उठल्यावर हाताला काम आहे हे माहीत असणं, याची किंमत मला माझ्या अडुसष्टाव्या वर्षी कळायला लागली आहे. पण जागेची तुमची अडचण खरी आहे आणि साड्यांबद्दलचा राग रास्त आहे. तेव्हा गोधडी सोडून दुपटी शिवायला सांगा. तीन फूट बाय तीन फूट, जुन्या मऊ जुनेराची, दोन-तीन पदरांची. एका गोधडीच्या कापडात चार दुपटी निघतात आणि घरात राहत नाहीत, नात्यात पाळणा हलला की जातात. मात्र ‘आई, गोधड्या पुरे’ अशा शब्दांत सांगू नका. तुमच्या माहेरी, शेजारी, ओळखीत कोणाला दिवस गेले असतील तर ते नाव घेऊन जा : अमकीला सातवा लागलाय, तिच्यासाठी कराल का? कोणासाठी हे ठरलेलं असलं की संख्या आपोआप मापात येते.

साड्यांचं स्पष्ट बोला. एक पिशवी करा, तुमच्या हातानं तीत जुनेर टाका, आणि सांगा की पिशवीतलं सगळं तुमचं, कपाटातलं माझं. रात्रीचं शिवण बंद व्हायला हवं, ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडून सांगवा. सुनेचं ऐकायचं नसलं तरी डॉक्टरांचं ऐकतात. पाणी येतंय म्हणजे तसंही दाखवायलाच हवं. आणि चंद्रकळेसारखं काळं कापड त्यांच्या हाती देऊ नका. काळ्यावर काळा दोरा दिवसाही दिसत नाही. फिक्या कापडावर लाल दोरा द्या.

झालेल्या सात गोधड्या नवरात्राच्या आधी, घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात धुऊन गच्चीवर एका ओळीत वाळत घाला. सासूबाईंना खुर्ची देऊन तिथे बसवा आणि कोणतं कापड कोणाचं ते विचारून घ्या. प्रत्येकीच्या कोपऱ्याला नाव लिहिलेली पट्टी टाचा. मग त्यातल्या चार कोणत्या नातवंडांना द्यायच्या, हे त्यांनाच ठरवू द्या.