सातवीतली मुलगी 'मला गणित येतच नाही' म्हणते आणि चाचणीच्या दिवशी तिचे पोट दुखते, काय करावे?

मी २२ वर्षे पाचवी ते आठवीच्या वर्गांना गणित शिकवतो आहे. तुमच्या मुलीची पोटदुखी खरी आहे, हे आधी सांगतो. कृपया तिला बहाणा समजू नका.

'हे विशिष्ट काम मला जमेल' या स्वतःविषयीच्या खात्रीला मानसशास्त्रात स्वक्षमता म्हणतात. आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ही कल्पना मांडली. त्यांच्या मते ही खात्री स्वतः काम तडीस नेल्याच्या अनुभवातून, आपल्यासारख्याच कुणाला ते जमताना पाहून, इतरांच्या बोलण्यातून आणि त्या वेळच्या शरीरमनाच्या अवस्थेतून घडते. यांत स्वतःचा अनुभव सर्वांत प्रभावी असतो. 'तू हुशार आहेस, घाबरू नकोस' हे नुसते बोलणे झाले, आणि पुढच्या चाचणीत २० पैकी ४ गुण पडले की ते फोल ठरते. उलट पोटात आलेला गोळा हाच 'मला येत नाही' याचा पुरावा आहे, असे मूल धरून चालते.

बांडुरा आणि डेल शंक यांनी १९८१ मध्ये वजाबाकीत फार कच्च्या असलेल्या मुलांना ७ बैठकांसाठी ४२ पाने दिली होती. 'दर बैठकीला ६ पाने' असे जवळचे ध्येय ज्यांना सुचवले, त्यांची वजाबाकी, स्वतःवरचा भरवसा आणि गणिताची गोडी, तिन्ही 'शेवटी सगळी ४२ पाने' असे ध्येय मिळालेल्यांपेक्षा अधिक वाढली.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वहीत खोडून खोडून कागद फाटलेला असे. तिने १/२ + १/३ चे उत्तर २/५ लिहिले होते. म्हणजे सहावीचे गणित अडले होते ते पाचवीच्या अपूर्णांकांपाशी. मी तिला रोज चारच उदाहरणे देऊ लागलो, आधी समान छेदांची, मग एक छेद दुसऱ्याच्या पटीत असलेली, आणि चुकलेले न खोडता त्याखाली पुन्हा सोडवायला सांगितले. तिसऱ्या आठवड्यात ती स्वतःहून म्हणाली, "सर, आता वेगळ्या छेदांची द्या."

तुम्हीही तिची गाठ नेमकी कुठे आहे ते वहीतून शोधा आणि कितीही मागे जावे लागले तरी तिथूनच सुरुवात करा. निदान काही महिने तरी भावंडांशी तुलना नको. चाचणी नसतानाही पोट दुखत असेल, तर मात्र डॉक्टरांना अवश्य दाखवा.