पाय वाकडे दिसतात? आधी वय सांगा

यावेळी सगळे प्रश्न एकाच विषयावरचे घेतेय, कारण गेल्या काही महिन्यांत पायांच्या वाकडेपणावर इतकी पत्रं आणि मेसेज आलेत की प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकत्रच लिहिलेलं बरं. नावं छापत नाहीये, गाव तेवढं ठेवलंय. आणि एक विनंती, लहान मुलाबद्दल विचारताना वय महिन्यांत लिहा, या विषयात निम्मं उत्तर वयातच असतं.

प्रश्न : माझं बाळ १४ महिन्यांचं आहे, अकराव्या महिन्यात चालायला लागलं. उभं राहिलं की दोन्ही गुडघ्यांच्या मधे फट दिसते. सासूबाई म्हणतात डायपरमुळे झालं, शेजारच्या काकू म्हणतात कडेवर घेऊन घेऊन झालं. मालिशवाल्या मावशी रोज पाय ओढून सरळ करतात आणि रात्री सुती कापडाने दोन्ही पाय एकत्र बांधायला सांगतात. बांधू का? – एक आई, बार्शी

नका बांधू ताई. बांधत असाल तर आज रात्रीपासून बंद करा.

पोटात जागाच तेवढी असते, बाळ पाय दुमडून मांडी घातल्यासारखं असतं, त्यामुळे जन्मतानाच पाय बाहेरच्या अंगाला वाकलेले आणि नडगीचं हाड थोडं आत पिळलेलं असतं. बाळ आडवं असतं तोपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही, उभं राहिलं की घरभर चर्चा सुरू होते. हा बाक दीड ते दोन वर्षांपर्यंत आपोआप जातो, मग पाय उलट दिशेने जातात, म्हणजे तीन-चार वर्षांचं मूल उभं राहिलं की गुडघे चिकटतात आणि घोटे लांब राहतात, आणि सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसासारखी ठेवण येते. १९७५ मध्ये फिनलंडमधल्या डॉक्टरांनी हजारावर मुलांच्या पायांचे कोन मोजून हा सगळा प्रवास मांडला, आजही आम्ही डॉक्टर तोच डोळ्यासमोर ठेवतो.

डायपर, लंगोट, कडेवर घेणं, यातल्या कशानेही हाड वाकत नाही. कडेवर पाय फाकवून बसवणं तर खुब्यासाठी चांगलंच आहे, उलट पाय सरळ करून घट्ट बांधले तर, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, खुब्याचा सांधा खोबणीत नीट बसत नाही. आपण एक नसलेला आजार बरा करायला जातो आणि दुसरा तयार करतो, याचं मला फार वाईट वाटतं. मालिश जरूर करा, हलक्या हाताने करा, पण मावशींना ओढाताण करू देऊ नका. बाळाला मुडदूस असेल तर हाड मऊ असतं, जोर लावला तर मोडू शकतं.

घरी एवढं करा. बाळाला उताणं झोपवा, गुडघ्याच्या वाट्या छताकडे येतील असे पाय धरा, घोट्याला घोटा टेकवा आणि दोन गुडघ्यांमधलं अंतर मोजा. ते लिहून ठेवा, समोरून एक फोटो काढा आणि दर तीन महिन्यांनी तसाच काढत रहा. अंतर कमी होत असेल तर काही करू नका. पण दोन वर्षांनंतरही बाक वाढतच असेल, अंतर ६ सेंटीमीटरच्या वर असेल, एकच पाय वाकडा असेल, उंची वयाच्या मानाने कमी असेल, मूल लंगडत असेल किंवा दुखतंय म्हणत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

यात एक गोष्ट जरा जास्त सांगते कारण ती चुकली तर महागात पडते. वजनाने जास्त आणि लवकर चालायला लागलेल्या मुलांमध्ये ब्लाउंट नावाचा आजार होऊ शकतो. गुडघ्याच्या खाली आतल्या बाजूला हाड वाढायची जी जागा असते, ग्रोथ प्लेट, ती तिथे दबते, बाहेरची बाजू वाढत राहते आणि आतली मागे पडते, मग पाय दर महिन्याला जास्त वाकतो. चालताना पाऊल टाकलं की गुडघा बाहेरच्या बाजूला झटका खाल्ल्यासारखा सरकतो, हे आईबापांना मोबाईलच्या व्हिडिओत सुद्धा दिसतं. तीन वर्षांच्या आत असेल तर ब्रेसने, म्हणजे पायाला बसवायच्या आधाराच्या पट्ट्याने, काही मुलांचं भागतं, नाही भागलं तर चार वर्षांच्या आसपास हाड सरळ करायचं ऑपरेशन करून टाकलेलं चांगलं, त्यानंतर परत वाकण्याची शक्यता वाढते. तुमच्या बाळाचं तसं दिसत नाहीये, दोन्ही पाय सारखे आहेत आणि वयही लहान आहे. फोटो काढत रहा.

प्रश्न : मुलगी पावणेतीन वर्षांची, दोन्ही पाय धनुष्यासारखे, मनगटं जाड वाटतात, दात उशिरा आले. एक्स-रे बघून डॉक्टर मुडदूस म्हणाले. आम्ही सुशिक्षित माणसं, सातव्या मजल्यावर राहतो, रोज सकाळी बाल्कनीत कोवळ्या उन्हात बसवतो, तरी कसं झालं? पाय सरळ होतील का, ऑपरेशन लागेल? – एक वडील, नाशिक

तुमच्या पत्रातलं "सुशिक्षित माणसं" वाचून थांबले, कारण मुडदूस म्हणजे गरिबाघरचा कुपोषणाचा आजार हा समज अजून आहे. तुमच्याच नाशिकमधला एक अभ्यास १९२२ साली छापून आलाय, हचिसन आणि शाह या डॉक्टरांचा. त्यांना दिसलं होतं की पडद्यात, घरात कोंडून वाढणाऱ्या खात्यापित्या घरच्या बाळांना मुडदूस होतो, आणि साधंसुधं खाऊन दिवसभर बाहेर उन्हात असणाऱ्या गरिबांच्या पोरांना होत नाही. शंभर वर्षं झाली. पडद्याच्या जागी फ्लॅट आलाय एवढंच.

आता कोवळं ऊन. आपल्याकडे सगळ्या आज्या हेच सांगतात आणि प्रेमाने सांगतात, पण त्वचेत व्हिटॅमिन डी तयार करणारे किरण सकाळी सात-आठच्या उन्हात जवळपास नसतातच, सूर्य वर आल्यावर, साधारण दहा-अकरा ते तीनच्या दरम्यान ते असतात. काचेतून तर येतच नाहीत, म्हणजे बाल्कनीला स्लायडिंग लावली असेल तर ते ऊन नुसतंच उबेचं. म्हणून तान्ह्या बाळांना दुपारच्या उन्हात भाजत बसण्यापेक्षा पहिलं वर्षभर रोज ४०० युनिट डीचे ड्रॉप्स द्या असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आईच्या दुधात डी फार कमी असतं आणि आईलाच कमी असेल तर आणखी कमी. मोठं झाल्यावर मात्र मुलांना खाली ग्राउंडवर सोडा, हातपाय उघडे ठेवून.

मुडदुसात होतं असं की हाड वाढतं पण त्यात कॅल्शियम नीट भरत नाही, ते मऊ राहतं आणि शरीराच्या वजनाने वाकतं. मनगट जाड होणं, टाळू उशिरा भरणं, दात उशिरा येणं, फासळ्यांवर मण्यांसारख्या गाठी, घाम, सतत किरकिर, ही सगळी त्याचीच लक्षणं. एक्स-रे सोबत रक्तात कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि डी हे चारही तपासून घ्या, फक्त डी नको, का ते खाली सांगते.

उपचार सोपे आणि स्वस्त आहेत. डी रोज ठरावीक डोसमध्ये निदान तीन महिने, सोबत कॅल्शियम रोज ५०० मिलिग्रॅम, खाण्यातून आणि औषधातून मिळून. दूध, दही, नाचणीची पेज, तीळ हे सगळं चालेल, १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. डोस डॉक्टरच ठरवतील, आणि कृपा करून बाटलीवरचं वाचा, काही ब्रँडमध्ये १ मिलीत ४०० युनिट असतात तर काहींत ८००, मेडिकलवाल्याने ब्रँड बदलून दिला की डोस दुप्पट होतो. ओळखीतल्या कुणी सुचवलं म्हणून मोठी इंजेक्शनं पुन्हा पुन्हा देऊ नका, डी जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो.

तीन महिन्यांनी एक्स-रे मध्ये हाडाच्या टोकाला पांढरी रेघ भरलेली दिसते, ते बघून आम्हाला सुद्धा बरं वाटतं. पाय लगेच सरळ होत नाहीत, वर्ष-दोन वर्षं जातात, पण या वयातले बहुतेक पाय औषधानेच सरळ होतात. हाड मऊ असताना ऑपरेशन कुणी सुचवलं तर दुसरं मत घ्या, आधी आजार बरा व्हायला पाहिजे. आणि तीन महिने औषध नीट देऊनही ती रेघ आली नाही तर हा साधा मुडदूस नाही. काही मुलांच्या किडनीतून फॉस्फरस वाहून जातो, हा प्रकार अनेकदा घराण्यात चालत येतो, त्यात डी कितीही दिलं तरी उपयोग नसतो, औषधं वेगळी असतात. म्हणून ते चार रिपोर्ट.

प्रश्न : मुलगा साडेतीन वर्षांचा, पळताना गुडघ्याला गुडघा घासतो. खास बूट घालायला सांगितलेत. – नागपूर

या वयात हे नॉर्मल आहे, वर बार्शीच्या ताईंना लिहिलंय ते वाचा. बुटांनी हाडाचा कोन बदलत नाही, पैसे वाचवा. सात-आठ वर्षांनंतरही गुडघे टेकवून उभं केल्यावर घोट्यांमधे ८ सेंटीमीटरपेक्षा जास्त अंतर राहिलं तर दाखवा.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. आमच्या गावात मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग आहेत आणि काही मुलांचे पाय गुडघ्यातून वाकलेत. लोक म्हणतात गावाला शाप आहे. – पांढरकवड्याजवळून

सर, शाप नाही, पाणी आहे. डाग आणि वाकलेले पाय एकाच गावात दिसले की पहिला संशय बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडचा घ्यायचा. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत खडकातूनच ते पाण्यात उतरतं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. तेलंगणातल्या नलगोंडा भागात अशाच पाण्याने तरुण पोरांचे पाय वाकल्याचं १९७३ मध्येच लिहिलं गेलंय, आणि ज्यांच्या जेवणात कॅल्शियम कमी त्यांना त्रास जास्त होतो.

पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून ते वाढतं. तुम्ही पहिलं काम हे करा की शाळेच्या आणि गावच्या प्रत्येक बोअरचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत भरून, बाटलीवर बोअरचं नाव घालून भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या लॅबला तपासायला द्या, कारण एकाच गावात एक बोअर खराब आणि पन्नास पावलांवरची विहीर चांगली असं होतं. रिपोर्ट हातात आला की ग्रामसभेत बोलता येतं. तोपर्यंत पिण्याला आणि स्वयंपाकाला चांगला स्रोत तेवढा वापरा, अंघोळीला बोअर चालेल. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने शोधलीय, पण त्याचं प्रमाण माहीतगाराकडूनच ठरवून घ्यावं लागतं. शाळेच्या पोषण आहारात दूध, नाचणी, चिंच आणता आली तर बघा.

ज्या मुलांचे पाय वाकलेत त्यांना जिल्हा रुग्णालयात पाठवा, उशीर नको. वाढ शिल्लक असेल तर गुडघ्याजवळ ग्रोथ प्लेटच्या एका बाजूला दोन स्क्रूची छोटी पट्टी बसवतात, ती बाजू थांबते, दुसरी वाढत राहते आणि पाय हळूहळू सरळ होतो, मग पट्टी काढून टाकतात. दुसऱ्या दिवशी मूल चालतं. मुलींची वाढ साधारण चौदाव्या आणि मुलांची सोळाव्या वर्षाच्या आसपास थांबते, त्याच्या वर्ष-दीड वर्ष आधी तरी हे व्हायला पाहिजे. ती वेळ गेली की हाड कापण्याशिवाय इलाज राहत नाही, आणि मला सगळ्यात जास्त चीड याचीच येते, की मूल शाळेत रोज समोर असतं आणि तरी कुणी पाठवत नाही. तुम्ही पाठवताय, फार बरं केलंत.

प्रश्न : वय १९, भरतीची तयारी करतोय. दोन्ही पायांत गॅप आहे. यूट्यूबवर ३० दिवसात पाय सरळ करायचे व्यायाम आहेत, करू का? – सातारा

मित्रा, तुझी वाढ बहुतेक पूर्ण झालीय, व्यायामाने हाड सरळ होत नाही. त्या व्हिडिओत आधी-नंतरचे फोटो असतात ना, त्यातला पाऊल फिरवून उभं राहण्यातला फरक बघ. मांड्यांचे आणि खुब्याचे स्नायू मजबूत झाले तर उभं राहण्यात थोडी सुधारणा दिसते, धावायलाही फायदा होतो, म्हणून व्यायाम कर, पण पट्टे आवळून झोपू नकोस. आधी ऑर्थोपेडिककडे जाऊन गॅप मोजून घे आणि तुझ्या भरतीच्या मेडिकलच्या नियमाशी ताडून बघ, कितीतरी मुलांचा गॅप चालण्यासारखा असतो आणि ती उगाच खचतात. फक्त भरतीसाठी हाड कापून घेऊ नकोस, हाड जोडायला आत बसवलेली धातूची पट्टी हाही मेडिकलला अडचणीचा विषय होतो.

प्रश्न : वय ५३, गेल्या सात-आठ वर्षांत पाय बाहेरच्या बाजूला वाकत चाललेत, गुडघा आतून दुखतो, जिना उतरवत नाही. एक डॉक्टर म्हणतात गुडघा बदला, दुसरे म्हणतात हाड कापून पाय सरळ करू. – कोल्हापूर

ताई, दोघंही खोटं बोलत नाहीयेत. मोठ्या वयात पाय वाकतात ते बहुतेक वेळा गुडघ्याची आतली बाजू झिजल्यामुळे. आतली गादी झिजली की पाय बाहेर वाकतो, वाकला की सगळं वजन आतल्याच बाजूवर येतं आणि ती आणखी झिजते. कधी जुनं फ्रॅक्चर वाकडं जुळलेलं असतं, ते वेगळं.

झीज फक्त आतल्या अर्ध्या भागात असेल, गुडघा चांगला वाकत असेल आणि वय साठीच्या आत असेल तर हाड कापून वजन बाहेरच्या चांगल्या बाजूवर वळवायचं ऑपरेशन विचारात घ्यावं असं माझं मत. यात गुडघा तुमचा स्वतःचाच राहतो आणि कित्येक वर्षं बदलायची वेळ पुढे जाते. काही आठवडे कुबड्या लागतात, हाड पूर्ण भरायला तीन ते सहा महिने. गुडघा सगळ्या बाजूंनी झिजला असेल तर मात्र बदलणंच योग्य, आणि त्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर २०१७ पासून सरकारची मर्यादा आहे, बिलात ती वेगळी लिहून मागा.

निर्णयाआधी उभं राहून काढलेला, खुब्यापासून घोट्यापर्यंतचा पूर्ण पायाचा एक्स-रे काढला का ते बघा. आडवं झोपून काढलेल्या गुडघ्याच्या फोटोवर हा निर्णय होत नाही. तोवर मांडी घालून बसून भाकरी थापणं बंद, ओट्याशी उभं राहून करा, वजन थोडं उतरवा, काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. आणि मिश्री लावत असाल तर डॉक्टरांना आधीच सांगा आणि ऑपरेशन ठरायच्या कितीतरी आधी सोडा, तंबाखूने कापलेलं हाड जुळायला फार वेळ लागतो, कधी जुळतच नाही.