केसांना परफ्यूम किंवा कलोन लावावं का?

केसांवर थेट फवारू नका; वास हवाच असेल तर कंगव्यावर फवारा. परफ्यूममध्ये बहुतांश अल्कोहोल असतं. कलोनमध्ये तर सुगंधी तेल साधारण २ ते ५ टक्केच, बाकी अल्कोहोल आणि पाणी. हे अल्कोहोल उडताना केसांवरचा तेलकटपणा कमी करतं, टोकं रखरखीत होतात. आपल्या मराठवाड्यात एप्रिल-मेचं कोरडं ऊन आणि बोअरचं जड पाणी आधीच केस राठ करतं, त्यात ही भर कशाला?

कंगव्यावर हातभर अंतरावरून एकच फवारा मारा, अर्धा मिनिट वाळू द्या, मग कानाच्या खालच्या केसांतूनच फिरवा. मुळांना लागू देऊ नका, टाळू चुरचुरते. ओला कंगवा फिरवला तर काहीच साधत नाही, अल्कोहोल केसांतच जातं. फवारल्यावर लगेच गॅसजवळ जाऊ नका, स्ट्रेटनरही नको. अल्कोहोल पेट घेतं.

त्यापेक्षा अत्तर बरं: एक थेंब, अर्धा चमचा खोबरेल तेलात मिसळून फक्त टोकांना. मात्र अत्तर बिनअल्कोहोलचंच आहे ना, हे दुकानात विचारून घ्या. कोंडा, खाज किंवा टाळूवर जखम असेल, तर अत्तरसुद्धा नको.