उत्तरे उघडण्याआधी

प्रिय मुली,

तुझ्या पत्रासोबतचा तक्ता मी दोनदा पाहिला. कॅटच्या, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेच्या, एकतीस सराव परीक्षा, तीन वेगवेगळ्या मालिका, प्रत्येक विभागाचे गुण वेगळ्या रंगात आणि शेवटच्या रकान्यात पर्सेंटाइल, म्हणजे शंभरांतले किती जण तुझ्या मागे आहेत तो आकडा, जो जुलैपासून ८६ आणि ८८ यांच्यामध्ये अडकून पडला आहे. त्याखाली तुझे तीन प्रश्न: चौथी मालिका घ्यावी का, नोकरी सोडून पूर्ण वेळ अभ्यास करावा का, की यंदाचा प्रयत्नच सोडून द्यावा. या तिन्ही प्रश्नांपेक्षा पत्राच्या मध्यावर तू सहज लिहून गेलेले एक वाक्य मला अधिक महत्त्वाचे वाटले. ‘सोल्यूशन पाहिले की सगळे कळते, पण पुढच्या मॉकमध्ये पुन्हा तेच होते,’ असे तू लिहिले आहेस. तुझा सगळा घोळ या वाक्यात आहे. माझी दोन वर्षे याच घोळात गेली, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

मी कॅट दिली तेव्हा ती कागदावर होत असे. संगणकावर गेली ती २००९ मध्ये. त्या काळी सराव परीक्षा संपली की क्लासच्या दारातच उत्तरांची पुस्तिका हातात पडे आणि आम्ही ती जिन्यातच उघडत असू. जिना उतरेपर्यंत गुण मोजून होत, घरी पोहोचेपर्यंत चुकलेल्या गणितांच्या रीती वाचून होत आणि रात्री मी समाधानाने झोपत असे, कारण सगळे ‘कळलेले’ असे. दुसऱ्या प्रयत्नाचा निकालही पहिल्यासारखाच लागल्यावर जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा रद्दीत देण्यासाठी मी बाहेर काढला. त्यातल्या तीन प्रश्नपत्रिकांत, काही महिन्यांच्या अंतराने, एखाद्या संख्येच्या मोठ्या घाताला लहान संख्येने भागल्यास बाकी किती उरेल, या एकाच धर्तीचे गणित होते. तिन्ही ठिकाणी ते चुकले होते आणि तिन्ही ठिकाणी समासात माझ्याच अक्षरात ‘समजले’ असे लिहिलेले होते. त्या शब्दाची मला आजही लाज वाटते.

तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून बसलो आहे आणि तुलाही तीच सांगणार आहे. सराव परीक्षा संपली की उत्तरे उघडण्याआधी तीच प्रश्नपत्रिका, घड्याळ न लावता, पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा सोडव. जे प्रश्न सोडून दिलेस ते सोडव, जे चुकले असतील अशी शंका आहे ते सोडव आणि जे नक्की बरोबर आले अशी तुझी खात्री आहे तेही सोडव. आजकाल ‘सबमिट’ दाबताच गुण समोर येतात, हे मला ठाऊक आहे. गुण दिसले तर दिसू देत. उत्तरांच्या पानावर मात्र जाऊ नकोस. याला एक संध्याकाळ पुरणार नाही, बहुधा दोन लागतील. दोन तासांच्या परीक्षेमागे सहा-सात तास घालवायचे, ही कल्पना तुला उधळपट्टीची वाटेल. तुझ्याच तक्त्याचा हिशोब करून पाहा: एकतीस परीक्षांचे बासष्ट तास तू प्रश्नपत्रिकांपुढे बसलीस आणि त्यांतून काय शिकलीस ते तुला एका वाक्यात सांगता येत नाही. मग उधळपट्टी कोणती?

पुन्हा सोडवल्याने काय होते, ते नीट समजून घे, कारण याचा अर्थ लोक ‘जास्त सराव’ असा लावतात आणि तो चुकीचा आहे. घड्याळ काढून घेतले की चुकांचे खरे रूप दिसते. एखादे गणित तुला घरी दोन मिनिटांत सुटले आणि परीक्षेत तू ते वाचलेसुद्धा नव्हतेस, तर तुझे गणित कच्चे नाही, निवड कच्ची आहे. एखादे सुटले पण पंचवीस मिनिटे लागली, तर रीत येते पण वाट लांबची आहे. एखादे निवांत बसूनही सुटले नाही, तर तेवढेच तुला येत नाही आणि त्याच्यासाठीच सोल्यूशन उघडण्याचा तुला अधिकार आहे. आणि परीक्षेतले उत्तर एक व घरचे उत्तर दुसरे आले, तर तू प्रश्न घाईत वाचतेस. या चार दुखण्यांना चार वेगळी औषधे आहेत. उत्तरे आधी पाहिलीस की चारही प्रकार एकाच ढिगात पडतात आणि त्या ढिगावर तू लिहितेस ‘समजले’.

डीआयएलआरमध्ये, म्हणजे तक्ते आणि तर्काच्या कोड्यांच्या विभागात, हे सर्वांत स्पष्ट दिसते आणि तुझा तक्ताही तिथेच खचतो. २०२४ च्या कॅटमध्ये या विभागात पाच संचांत (एका संचात एकाच माहितीवरचे चार-पाच प्रश्न) मिळून २२ प्रश्न होते आणि वेळ होता ४० मिनिटे. पाचही संच सोडवण्याची अपेक्षा कोणाचीच नसते. कोणते दोन-तीन घ्यायचे हे ओळखणे, हीच ती परीक्षा. हे ओळखणे व्हिडिओ पाहून येत नाही, कारण व्हिडिओतील शिक्षक नेमका तक्ता पहिल्याच फटक्यात आखतो आणि सगळेच संच सोपे दिसू लागतात. तू स्वतः चुकीचा तक्ता आखून, खोडून, पुन्हा आखून पाचही संच घरी संपवलेस, तरच कोणता संच वरून साधा आणि आतून चिवट होता, हे तुझ्या लक्षात राहील. उताऱ्यांचेही तेच. त्याच वर्षी इंग्रजीच्या २४ प्रश्नांपैकी १६ उताऱ्यांवर होते. तिथे पुन्हा सोडवणे म्हणजे उतारा परत वाचून प्रत्येक नाकारलेल्या पर्यायापुढे तो का नाकारला, हे स्वतःच्या शब्दांत एका ओळीत लिहिणे. कंटाळवाणे आहे. कर.

अंदाजाने उत्तरे देण्याबद्दलही तू विचारले आहेस, तर ते थोडक्यात उरकतो. बरोबर उत्तराला ३ गुण आणि चुकीच्या पर्यायाला वजा १, म्हणजे चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली, तर सरासरी फायदा शून्य. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तर सरासरी एक तृतीयांश गुण पदरात पडतो, दोन बाद झाले तर एक गुण. उत्तर टंकून लिहायच्या प्रश्नांना वजा गुण नाहीत, ते कोरे सोडणे हा निव्वळ आळस. महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीत तर १५० मिनिटांत २०० प्रश्न आणि वजा गुण मुळीच नाहीत, तेव्हा तिथली निवड निराळी. पण पर्याय ‘खात्रीने’ बाद करतेस तेव्हा तुझी खात्री कितपत खरी असते, हे तुला कशावरून कळणार? उत्तरे पाहण्याआधी पुन्हा सोडवल्यावरच. मी तेच तेच सांगतो आहे, याची मला जाणीव आहे.

चौथी मालिका घेऊ नकोस. नोकरीही सोडू नकोस: अनेक संस्था निवडीच्या वेळी अनुभवाला गुण देतात आणि तुला वेळेची कमतरता नाही, असलेला वेळ तू नव्या प्रश्नपत्रिकांवर उडवते आहेस. यंदाचा प्रयत्न सोडण्याबद्दल एवढेच सांगतो की २०२४ मध्ये सुमारे २.९३ लाख मुलांनी कॅट दिली. ८८ पर्सेंटाइल म्हणजे त्यांतले जवळजवळ पस्तीस हजार तुझ्या पुढे आणि ९९ म्हणजे तीन हजारांहून थोडे कमी. एवढे अंतर नोव्हेंबरच्या अखेरपर्यंत कापले जाईल की नाही, हे मी सांगू शकत नाही आणि जो सांगतो त्याचे ऐकू नकोस.

आता तुझ्या मनात आलेला प्रश्न. एवढे करून मला स्वतःला काय मिळाले? तिसऱ्या वर्षी माझे मित्र आठवड्याला तीन परीक्षा देत होते, मी एक देत होतो आणि ते मला हसत. हसणाऱ्यांपैकी एकाला हवी ती संस्था मिळाली, मला मिळाली नाही. लेखी परीक्षा मात्र मी पार केली होती, ही गोष्ट तो कधी सांगत नाही. मुलाखतीत मला विचारले, ‘तीनदा का दिलीत?’ आणि दोन वाक्यांत उत्तर देण्याऐवजी मी समोरच्या तिघांना उत्तरे उघडण्याआधी पुन्हा का सोडवावे, हे समजावू लागलो. बाकी काढण्याच्या त्या तीन गणितांबद्दलही सांगितले. त्यांच्यापैकी एकाने घड्याळ पाहिले, तरी मी थांबलो नाही. तेव्हा पद्धत चुकली नव्हती, माणूस चुकला होता. निदान मी तरी असे मानतो आणि इतक्या वर्षांनी ते बदलण्याची माझी इच्छा नाही.

येत्या रविवारी नवी परीक्षा देऊ नकोस. तुझ्या तक्त्यातली सतरावी काढ, तिची उत्तरे तू आता विसरली असशील. ती घड्याळाशिवाय सोडव आणि त्या चार प्रकारांपैकी प्रत्येकात किती प्रश्न पडले, ते चार आकडे मला कळव. रंग देण्याची गरज नाही.